घाटासाठी आधी काय बदलायचं: सायकलचं वजन की गिअर?

गोदातीर (धागाकर्ता)

सप्तशृंग गडाचा नांदुरी घाट, पेठ रस्त्यावरचा सावळघाट, कसाऱ्याहून इगतपुरीला वर येणारा रस्ता. नाशिककडच्या या चढांपैकी कुठे जायचं ठरलं की ग्रुपवर पहिली चौकशी येते ती "हलकी सायकल कोणती घेऊ?" माझं ठाम मत आहे की बहुतेकांनी आधी आपल्या सायकलचा सर्वांत हलका गिअर तपासावा, नंतर टायर, आणि वजनाकडे त्यानंतर वळावं. कारण आकड्यांनी मांडतो. खोडायचं असेल तर जरूर खोडा, फक्त आकड्यांनीच खोडा.

चालवणारा ७० किलो, सायकल १२ किलो, पाणी-पंप-ट्यूब-कपडे मिळून ३ किलो. एकूण ८५. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. या चढावर गुरुत्वाकर्षण सुमारे ६६ न्यूटनने मागे ओढतं, बऱ्यापैकी गुळगुळीत टायर सुमारे ५ न्यूटन खातात आणि हवेचा विरोध जेमतेम १ न्यूटन असतो. म्हणजे जवळजवळ सगळी मेहनत वजन वर उचलण्यात जाते, हे खरंच आहे. पण कोणतं वजन? पूर्ण ८५ किलो. सायकलवरून १ किलो उतरवला तर फरक पडतो १.२ टक्क्यांचा. नियमित चालवणाऱ्याने १५० वॅट सतत दिले, तर ५०० मीटर उंची चढायला साधारण ५३ मिनिटं लागतात. १ किलो कमी केल्यावर वाचतात ३५ ते ४० सेकंद.

आता गिअर. १५० वॅटला ८ टक्क्यांच्या चढावर वेग मिळतो ताशी ७ किलोमीटरच्या आसपास. तो वेग ठेवायला मिनिटाला पायडलचे किती फेरे पडतात ते बघा. पहिला आकडा पुढच्या चकतीचे दाते, दुसरा मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे, तिसरा पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर सरकते तो:

रोड बाइक, ३४ ला २८, २.५६ मीटर: ४६ फेरे
रोड बाइक, ३४ ला ३४, २.१० मीटर: ५६ फेरे
हायब्रिड, २८ ला ३२, १.९० मीटर: ६२ फेरे
साडेसत्तावीस इंची एमटीबी (माउंटन बाइक), २४ ला २८, १.८४ मीटर: ६३ फेरे
तीच एमटीबी, २४ ला ३४, १.५२ मीटर: ७७ फेरे

शक्ती तेवढीच, पण ४६ फेऱ्यांना पायडलवर सरासरी साडेअठरा किलोचा दाब सतत द्यावा लागतो, ६३ फेऱ्यांना साडेतेरा. पाय खाली जातानाचा कमाल दाब सरासरीच्या दुपटीच्या आसपास जातो. तासभर हा फरक गुडघ्यांनी आणि मांड्यांनी सोसायचा असतो. दम पुरतो पण पाय संपतात, अशी तक्रार ज्यांची आहे त्यांचा गिअर जड आहे.

---

चौतीसदाती

गणित पटलं. ते आणखी पुढे नेतो, कारण ८ टक्क्यांवर रोड बाइक कशीबशी निभावते, खरी कोंडी १२ टक्क्यांच्या तुकड्यांवर होते. तिथे याच ८५ किलोंना १५० वॅटमध्ये वेग मिळतो ताशी ५ किलोमीटरच्या जरासा खाली. ३४ ला २८ वर म्हणजे मिनिटाला फक्त ३२ फेरे. इतक्या हळू पायडल फिरलं की वरच्या बिंदूवर सायकल जवळजवळ थांबते आणि पुढचं चाक डावी-उजवीकडे भरकटतं. किमान ५० फेरे ठेवायचे तर २३० वॅट द्यावे लागतात. जड गिअरचा त्रास हाच: किती जोर लावायचा हे तुम्ही ठरवत नाही, गिअर ठरवतो. त्या तुकड्यावर २३० वॅट दिले की पुढचे तीन-चार किलोमीटर रडत काढायचे.

उलट बाजूलाही मर्यादा आहे. ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या खाली तोल सांभाळणं अवघड होतं, तो चालण्याचाच वेग. त्यामुळे सामान लादलेली नसेल तर एका फेऱ्याला दीड मीटरपेक्षा हलका गिअर रस्त्याच्या घाटात फारसा कामाला येत नाही.

---

नांदुरीपायथा

माझ्याकडे २१ गिअरची एमटीबी आहे, १५ किलोची, पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-२८. टायर खडबडीत गोट्यांचे. नांदुरीहून गडावर जायचंय, खर्च शक्य तितका कमी. आधी काय बदलू?

---

गोदातीर

तुमच्या सायकलला आधी टायर. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही, म्हणून पूर्ण हिशोब देतो.

एकूण वजन ८८ किलो धरलं. मातीसाठीचे खडबडीत टायर डांबरावर गुळगुळीत टायरच्या दुप्पट विरोध करू शकतात, साधारण १० न्यूटनला ५ न्यूटन. ८ टक्क्यांच्या चढावर १ किलो वजन मागे ओढतं पाऊण न्यूटनच्या थोडं वर. म्हणजे टायर बदलून वाचलेले ५ न्यूटन हे ६ किलो वजन उतरवल्याबरोबर झाले. चढ ४ टक्क्यांचा असेल तर तेच १२ किलोंच्या पुढे जातं. सायकलवरून ६ किलो उतरवायला किती पैसे लागतील आणि दोन टायरना किती, याची तुलना दुकानात विचारून करा.

नांदुरीपासून गडाच्या गावापर्यंतचा रस्ता सुमारे १० किलोमीटरचा. सरासरी ८ टक्के धरून हिशोब केला तर तुमच्या सायकलला १५० वॅटमध्ये दीड तासाच्या थोडं वर लागेल, आणि केवळ टायर बदलल्यावर सुमारे ६ मिनिटं वाचतील.

साडेसत्तावीस इंची रिमला १.५ ते १.७५ रुंदीचे, मधोमध सलग गुळगुळीत पट्टी असलेले टायर घ्या. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत, ७० किलोच्या माणसाला ५० पीएसआयच्या आसपास, मागच्यात चार-पाच जास्त. ठोकून भरू नका. आपल्याकडच्या उखडलेल्या डांबरावर फार कडक टायर उसळतो आणि उसळण्यात शक्ती वाया जाते. टायर अरुंद झाल्यामुळे चाकाचा घेर थोडा घटतो आणि सगळे गिअर दोन-तीन टक्क्यांनी हलके होतात, हा वरचा फायदा.

दुसरं, मागचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) १४-२८ काढून १४-३४. स्पोकवाले, यातले धोके तुम्हीच नीट सांगा.

---

स्पोकवाला

सांगतो. मागे सात चकत्या असलेल्या या सायकलींना बहुतेकदा फ्रीव्हील असतं, कॅसेट नव्हे. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आट्यांनी बसतं, कॅसेट खाचांवर सरकवून. ओळखायचं कसं: चाक काढून मागच्या चकत्या उलट्या फिरवा. मधला खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, स्थिर राहिला तर फ्रीव्हील.

काढायला १२ खाचांचा फ्रीव्हील रिमूव्हर आणि लांब दांड्याचा पाना लागतो. रिमूव्हर बसवून त्यावर अॅक्सलचा नट हलका घट्ट करा, म्हणजे तो निसटून खाचा खात नाही. मग घड्याळाच्या उलट दिशेने. पायडलच्या जोराने फ्रीव्हील दरवेळी आणखी घट्ट होत जातं, त्यामुळे जुनं असेल तर भरपूर ताकद लागते. व्हाइस असेल तर रिमूव्हर व्हाइसमध्ये धरून पूर्ण चाकच फिरवा. पहिला झटका सुटला की अॅक्सलवरचा नट सैल करायला विसरू नका.

नवं बसवताना आट्यांना ग्रीस भरपूर लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त हाताने. अॅल्युमिनिअमच्या हबवर वाकडी आटी बसली तर हब गेला. शेवटचं घट्ट होणं पायडल मारूनच होतं.

१४-३४ चे दाते १४, १६, १८, २०, २२, २४ आणि एकदम ३४. शेवटची उडी दहा दातांची आहे. पाय गरगरून मोकळे फिरल्यासारखे वाटतात, पण घाटात ती चकती हवीच असते. या उडीमुळेच गिअर टाकताना पायडलचा जोर पूर्ण कमी करावा लागतो, नाहीतर चेन चकतीच्या टोकांवर कडकड करत राहते.

आता काय बिघडतं ते:

चेनची लांबी. नवी चकती सहा दातांनी मोठी आहे, जुनी चेन बहुतेक वेळा आखूड पडते. चेन डिरेलरमधून (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा भाग) न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा, टोकं जिथे भेटतात तिथून एक पूर्ण जोडी, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त ठेवा. आखूड चेनवर चुकून मोठी-मोठी जोडी पडली तर डिरेलर ताणला जाऊन हँगरसकट (तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो तिच्यासकट) स्पोकमध्ये जातो. नांदुरी घाटात असं झालं तर पायीच उतरायचं.

चेनची झीज. मापकावर पाऊण टक्का दाखवत असेल तर चेनही नवीच टाका. जुनी ताणलेली चेन नव्या दात्यांवर बरोबर तिथेच घसरते जिथे जोर सर्वांत जास्त असतो.

डिरेलर. मागच्या बाजूला किंवा बॉक्सवर त्याची कमाल चकती किती ते बघा. २८ पर्यंतचाच असेल तर त्याचं वरचं छोटं चाक ३४ ला घासतं. बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून दूर-जवळ करणारा) आत घेऊन वरचं चाक आणि मोठी चकती यांच्यात ५ ते ६ मिलीमीटर फट आणा. स्क्रू संपला तरी फट येत नसेल तर डिरेलर बदला, वाकवून जमवू नका.

एल स्क्रू, म्हणजे डिरेलरला स्पोकच्या दिशेने हद्द घालणारा. ३४ वर चेन असताना डिरेलर हाताने स्पोककडे ढकलून बघा. चेन चकतीपलीकडे जाता कामा नये. चढावर सर्वांत हलक्या गिअरला चेन स्पोकमध्ये पडली तर उजव्या बाजूचे स्पोक कापले जातात.

जड माणसांसाठी आणखी एक. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग खूप आत असतं, त्यामुळे अॅक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि वाकतो. चालवणारा ९० किलोंच्या वर असेल, किंवा मागे सामान असेल, तर अॅक्सल वरचेवर तपासा. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाला असतं, तिथे ही अडचण नाही.

---

सावळघाट

गोदातीर, वजनाला तुम्ही जरा जास्तच खाली ढकललंत. ७० किलोचा माणूस धरून गणित केलं की सायकल नगण्य दिसते. ५० किलोची व्यक्ती घ्या. १५ किलोची सायकल आणि ३ किलो सामान मिळून ६८ किलो झाले. त्यात सायकलचा वाटा २२ टक्के. ७० किलोवाल्याला तोच १७ टक्के. सायकल १५ ची ११ किलो केली तर हलक्या व्यक्तीचा वेळ जवळपास ६ टक्क्यांनी घटतो, दीड तासाच्या घाटात पाच मिनिटं.

लहान मुलांचं तर विचारूच नका. २४ इंची, पुढे सस्पेन्शन असलेली मुलांची सायकल १३-१४ किलोंची असते आणि चालवणारं मूल ३५ किलोंचं. एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त सायकलच. मुलांना घाटात न्यायचं असेल तर पहिला खर्च वजनावर करा: साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हलके टायर, स्टँड आणि लोखंडी चेनकव्हर काढून टाकणं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, तीही १७० मिलीमीटरची असते कधीकधी, ती मुलांच्या पायाला फार लांब आहे. १५२ किंवा तिच्या जवळची मिळते.

---

गोदातीर

हे मान्य. माझा क्रम ६५-७० किलोंच्या वरच्यांसाठी ठीक आहे. ५० किलोंच्या आसपासच्या व्यक्तीने गिअर आधी, नंतर टायर आणि वजन बरोबरीने पाहावं. मुलांच्या बाबतीत तुमचाच क्रम बरोबर.

---

पहाटफेरी

वजन कमी करायचं तर नेमकं कुठून, हेही कोणी सांगा. कार्बनचा सीटपोस्ट नाही घ्यायचा.

---

सावळघाट

ताई, स्वस्त एमटीबीवर सर्वांत जड आणि रस्त्यावर सर्वांत बिनकामाचा भाग म्हणजे स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क. तो अडीच किलोंच्या आसपास असतो. साधा लोखंडी फोर्क किलोभराचा. दीड किलो तिथेच गेला, आणि उभं राहून पायडल मारताना होणारी वरखाली डुलणीही थांबली. घेताना अॅक्सलपासून वरच्या मुकुटापर्यंतची लांबी मोजा. जुन्या फोर्कवर बसल्यावर तो जितका दबतो तितका वजा करून जी लांबी येते तिच्या जवळचाच साधा फोर्क घ्या. ५-६ सेंटिमीटर आखूड घेतला तर पुढचा भाग खाली जातो, हँडल चंचल होतं आणि उतारावर ते भीतीदायक वाटतं. स्टिअरिंगच्या नळीचा प्रकार, सरळ की खाली रुंद होणारी, आणि ब्रेक रिमचे की डिस्कचे हेही जुळायला हवं. बदलायचा नसेल आणि फोर्कला लॉकआउटची, म्हणजे त्याचं दबणं थांबवणारी, कळ असेल तर घाटाच्या पायथ्याशी ती लावा.

त्यानंतर साइड स्टँड, मडगार्ड (पावसाळा सोडून), जाड जेलची गादी, कुलपाची साखळी. हे सगळं मिळून दीड-दोन किलो सहज होतं, आणि ते काढायला एक पैसा लागत नाही.

पाण्यात मात्र कसर करू नका. लिटरभर म्हणजे किलोभर, हे खरं. पण मार्च ते मे नाशिककडच्या उन्हात पाणी वाचवून मिळणारी ४० सेकंदं कोणत्याच कामाची नाहीत. पायथ्याशी भरून घ्या, आदल्या ३०-४० किलोमीटरच्या सपाटीवर तीन-तीन बाटल्या वाहू नका, इतकंच.

---

चौतीसदाती

चाकाचं वजन दुप्पट धरायचं असतं हे सगळीकडे ऐकू येतं, ते चढाला लागू नाही. फिरणाऱ्या वजनाचा तोटा वेग वाढवताना होतो. घाटात वेग जवळजवळ स्थिर असतो, तिथे रिममधला १ किलो आणि बाटलीतला १ किलो सारखाच. महाग चाकांचे पैसे वाचवा.

आता रोड बाइकवाल्यांसाठी. बहुतेकांच्या सायकली ५०-३४ आणि मागे ११-२८ अशा येतात. मागे ११-३४ टाकणं हा सर्वांत सरळ उपाय. पण आधी डिरेलरची क्षमता मोजा: पुढच्या दोन चकत्यांमधला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या-लहानमधला फरक. ५०-३४ ला ११-२८ म्हणजे १६ अधिक १७, तेहेतीस. ११-३४ ला १६ अधिक २३, एकोणचाळीस. त्याला लांब पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणारा भाग लांब असलेला) डिरेलर लागतो. शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा ३० दातांपर्यंत, लांबचा ३४ पर्यंत. सोरा आर३००० आणि टियाग्रा ४७०० मध्येही ३४ साठी लांब पिंजऱ्याचाच घ्यायचा. डिरेलरच्या मागे एसएस किंवा जीएस अशी अक्षरं असतात. एसएस आखूड, जीएस लांब.

याहून हलकं हवं असेल आणि शिफ्टर आठ किंवा नऊ गिअरचे शिमानो असतील तर नऊ गिअरचा एमटीबी डिरेलर, उदाहरणार्थ ऑल्टस किंवा अलिव्हिओ, त्या रोड शिफ्टरवर बरोबर चालतो, कारण दोन्हीकडे केबल खेचण्याचं प्रमाण एकच आहे. दहा गिअरच्या जुन्या रोड शिफ्टरवरही चालतो, टियाग्रा ४७०० वर मात्र नाही. दहा गिअरचा एमटीबी डिरेलर आणि शिमानोची क्यूज मालिका यांचं प्रमाण वेगळं आहे, ते घेऊन आलात तर गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत.

पुढची चकती बदलायची तर ५०-३४ च्या पाच किंवा चार बोल्टच्या क्रँकवर ३४ पेक्षा फारशी लहान बसतच नाही, बोल्टचं वर्तुळ आडवं येतं. ४६-३० चा क्रँक वेगळा घ्यावा लागतो. शिमानोच्या जीआरएक्स क्रँकमध्ये चेनची रेषा अडीच मिलीमीटर बाहेर असते, म्हणून पुढचा डिरेलरही त्याच मालिकेतला लागतो. हा खर्च मोठा आहे. मागे ३४ टाकूनही पाय संपत असतील तरच करा.

---

पंचवटीतून

साध्या, एकाच गिअरच्या सायकलवाल्यांना काही उपाय आहे का? पुढे ४४, मागे १८.

---

स्पोकवाला

२८ इंची चाकावर ४४ ला १८ म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर. ताशी ७ किलोमीटरला मिनिटाला २१-२२ फेरे, त्यामुळे मोठा घाट शक्य नाही. १८ काढून २० किंवा २२ दातांचं सिंगल फ्रीव्हील टाका. २२ ला साडेचार मीटरच्या आत येतं. शहरातले उड्डाणपूल, चार टक्क्यांपर्यंतचे छोटे चढ बसून निघतात. सपाटीवर वेग थोडा कमी होईल. चेनमध्ये एक जोडी वाढवावी लागेल आणि मागचं चाक खाचेत पुरेसं सरकतंय का ते आधी बघा. ब्रेकचे रबर रिमवर पुन्हा सरळ बसवा, चाक सरकलं की ते हलतात.

---

त्र्यंबकरोड

कोणत्या रस्त्याला काय लागतं तेही नोंदवतो. नाशिक ते त्र्यंबक सुमारे २८ किलोमीटर, चढ हळूहळू. इथे वजनाची चर्चा व्यर्थ आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून समोर येतो, तिथे खाली वाकून बसणं कोणत्याही किलोपेक्षा जास्त कामाचं. मधल्या चकतीवर सगळा रस्ता होतो.

कसारा घाटाच्या शेजारून जाणारी रेल्वे ३७ ला १ या चढाने वर येते, म्हणजे २.७ टक्के, आणि तेवढ्यालाही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावायची पद्धत होती. रस्त्याचे तुकडे त्यापेक्षा तीव्र आहेत. तिथली खरी अडचण ट्रकची. हळू आणि भरकटत चढणारी सायकल तिथे धोक्याची, म्हणून इतका हलका गिअर हवाच की सायकल पांढऱ्या रेषेच्या आत सरळ राहील.

नांदुरी घाटात वळणं महत्त्वाची. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डाव्या हाताच्या नागमोडी वळणाला आपण आतल्या बाजूला येतो आणि तिथला चढ एकदम उभा असतो. वळण दिसताच, पाय अजून मोकळे असताना, एक-दोन गिअर खाली या. वळणात शिरल्यावर टाकाल तर चेन अडकेल. उजव्या वळणाला आपण बाहेरच्या बाजूला असतो, तिथे चढ सौम्य होतो, श्वास तिथे घ्यायचा. पुढची लहान चकती तर चढ सुरू होण्याच्या पन्नास मीटर आधीच टाकलेली असावी. मोबाइलवर दिसणारी क्षणाची टक्केवारी फसवी असते. ५०० मीटरची सरासरी बघा, किंवा नकाशावरून दोन टोकांच्या उंचीतला फरक काढून अंतराने भागा. चैत्राच्या यात्रेत आणि नवरात्रात हा घाट सायकलसाठी धरूच नका.

---

नांदुरीपायथा

टायर आणि फ्रीव्हील दोन्ही करतो. रिम ब्रेक आहेत. उतरताना काही वेगळं लागेल का?

---

स्पोकवाला

लागेल, आणि इथे एकूण वजन पुन्हा मोजलं जातं. ८५ किलो, ८ टक्के उतार, ताशी ३० चा वेग धरून ठेवायचा तर ब्रेकमध्ये सतत सुमारे ४०० वॅट उष्णता जाते. ब्रेक सलग दाबून धरलात तर रिम तापते आणि ट्यूब वाल्व्हपाशी सुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ, मग पूर्ण सोडा, म्हणजे रिमला वारा लागतो. मध्ये एक-दोनदा थांबून रिमजवळ हात नेऊन बघा, लगेच टेकवू नका.

निघण्याआधी रबरमध्ये खाचा शिल्लक आहेत का, त्यात अॅल्युमिनिअमचे चमकणारे कण रुतलेत का ते पाहा. कण असतील तर टोकदार सुईने काढा, नाहीतर ते रिम खरवडतात. पावसात रबर फार वेगाने झिजतं, तेव्हा नवी जोडी सोबत असू द्या. नवे टायर अरुंद आहेत, म्हणून ब्रेकचं रबर टायरला न घासता रिमच्या मधोमध येतंय ना, हेही एकदा बघून घ्या.

आणि चेनला तेल. उन्हाळ्याच्या धुळीत पातळ, कोरडं होणारं किंवा मेणाचं. पावसाळ्यात घट्ट ओलं. गाडीचं वापरलेलं इंजिन ऑइल लावू नका, त्यातले धातूचे कण चेन आणि नवं फ्रीव्हील दोन्ही खातात. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पाच मिनिटं फिरवा, मग फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढा.

---

गोदातीर

नांदुरीपायथा, बसवून झालं की लगेच गडाकडे निघू नका. आधी गंगापूर धरणाच्या बाजूला एखाद्या छोट्या चढावर सगळे गिअर जोर लावून आणि जोर काढून टाकून बघा, विशेषतः २४ वरून ३४ ची उडी. केबलही नव्या टाकल्या असतील तर त्या पहिल्या ५०-१०० किलोमीटरमध्ये ताणतात. शिफ्टरजवळचा नळीचा स्क्रू पाव-अर्धा फेरा उलटा फिरवला की गिअर पुन्हा जागेवर येतात.